गरोदरपणातील श्रोणीवेदना : सोसणे नको, संवाद हवा

पाचवा महिना सरत आला, की अनेक गर्भवतींना रात्री कूस बदलणेही अवघड होते. जिना चढताना, रिक्षात पाय टाकताना किंवा एका पायावर उभे राहून सलवार घालताना जांघेत कळ येते. ‘दिवस गेले की असे व्हायचेच’, अशी समजूत घरातील ज्येष्ठ स्त्रिया घालतात आणि तक्रार तेथेच थांबते. या दुखण्याचा परिणाम पती-पत्नीच्या शरीरसंबंधांवर होतो, हे तर कोणी बोलूनही दाखवत नाही. वास्तविक या दोन्ही तक्रारी डॉक्टरांपुढे मांडण्याजोग्या आहेत आणि त्यांवर उपायही आहेत.

दुखते कशामुळे?

श्रोणी म्हणजे ओटीपोटाला खालून आधार देणारी हाडांची चौकट. तिच्या पुढच्या बाजूस, जांघांच्या मधोमध एक सांधा असतो, तर मागे कमरेच्या खाली दोन्ही अंगांना एकेक. गरोदरपणात ‘रिलॅक्सिन’ आणि अन्य संप्रेरकांमुळे हे सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात. पुढच्या सांध्यातील एरवी ४ ते ५ मिलिमीटर असणारे अंतर या काळात आणखी २ ते ३ मिलिमीटरने वाढते. हा बदल स्वाभाविक आहे. मात्र पोटाचा भार पुढे येऊन चालण्याची ढब बदलते, सांधे दोन्ही बाजूंना सारखे हलत नाहीत, स्नायूंवर ताण पडतो आणि वेदना सुरू होते. सुमारे ५ पैकी १ गर्भवतीला हा त्रास होतो. पूर्वी कंबरदुखी किंवा श्रोणीला दुखापत झालेल्या स्त्रियांमध्ये त्याची शक्यता अधिक असते. या वेदनेमुळे गर्भाला अपाय होत नाही.

गैरसमजांची भिंत

पाय दूर केले की हे दुखणे वाढते. साहजिकच शरीरसंबंध नकोसे होतात. कारण सांगायचा पत्नीला संकोच वाटतो आणि पतीला तो दुरावा वाटतो. कधी उलटही घडते. बाळाला धक्का लागेल, या भीतीने पती दूर राहतो आणि आपण आता आवडेनाशा झालो, असे पत्नीच्या मनात येते.

गरोदरपण सुरळीत असल्यास शरीरसंबंधांमुळे गर्भाला इजा होत नाही. गर्भाशयाचे स्नायू आणि गर्भजल त्याचे रक्षण करतात. संबंधांनंतर पोट थोडा वेळ कडक होऊन पूर्ववत होणे, हेही सामान्य आहे. श्रोणी दुखत असल्यास पत्नीने कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपावे आणि पतीने पाठीमागे असावे. या स्थितीत सांध्यांवर ताण कमी येतो. इच्छा कमी-जास्त होणेही नैसर्गिक आहे. अशा वेळी जवळीक, स्पर्श आणि मोकळे बोलणे यांनीही स्नेह टिकतो. पत्नीने ‘नको’ म्हटले, तर त्याचा मान राखलाच पाहिजे.

वार खाली असणे, रक्तस्राव, गर्भजल जाणे किंवा वेळेआधी प्रसूतीचा धोका असल्यास मात्र संबंध टाळावेत आणि डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

आराम कसा मिळेल?

कपडे बसून घालावेत. कूस बदलताना आणि वाहनातून उतरताना दोन्ही गुडघे जुळवून ठेवावेत. जिना एकेक पायरी चढावा. जड बादल्या उचलणे, उकिडवे किंवा मांडी घालून बराच वेळ बसणे टाळावे. भौतिकोपचारतज्ज्ञ अर्थात फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोट आणि कमरेच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घेणे, हा महत्त्वाचा उपाय होय. आधार देणारा पट्टाही त्यांच्याच सल्ल्याने वापरावा. वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. आयब्युप्रोफेनसारखी औषधे, विशेषतः २० आठवड्यांनंतर, गर्भाला घातक ठरू शकतात. प्रसूतीनंतर बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. तसे न झाल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी.

प्रत्येक दुखणे मात्र सांध्यांचे नसते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळा येणे, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी जाणवणे किंवा पहिल्या तिमाहीत पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना पतीने सोबत जावे. वजन आणि रक्तदाबाबरोबर ‘दुखते कोठे, केव्हा आणि त्यामुळे काय करता येत नाही’ हेही स्पष्ट सांगावे. उपचारांची सुरुवात तेथूनच होते.