जुन्या स्पीकरचा भरीव आवाज येतो कुठून?

जुन्या स्पीकरचा आवाज भरीव आणि नव्याचा कोरडा, ही दर्दी श्रोत्यांची तक्रार खोटी नाही. तिचं श्रेय मात्र ते वयाला देतात, तिथे गफलत होते. घरचा स्पीकर घडवणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज. यांतल्या दोनच एका वेळी पदरात पडतात, असं सांगणारा नियम अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. जुन्या काळाने यातली एक गोष्ट सोडली, नव्याने दुसरी; कानाला जाणवणारा फरक बराचसा तिथला आहे.

पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये आर्कान्सातल्या होप गावी क्लिप्शहॉर्न हा स्पीकर बनवायला घेतला, तेव्हा व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मिळणारा एकेक वॉट महाग होता. म्हणून त्यांनी जागेची पर्वा केली नाही: माणसाच्या छातीपर्यंत येणारी पेटी, आत दुमडलेला कर्णा आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंती त्या कर्ण्याचाच पुढचा भाग. एका वॉटला एका मीटरवर सुमारे १०५ डेसिबल, असा कंपनीचा आकडा आहे. त्याच्या शेजारी बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला, फूटभर उंचीचा एलएस३/५ए ठेवला तर तो ८३ च्या आसपास थांबतो. बावीस डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दीडशे पटींहून जास्त. क्लिप्शहॉर्न एका वॉटमध्ये जे करतो त्यासाठी लागणारी शक्ती या चिमुकल्याला झेपतही नाही. या दोहोंच्या मधे एडगर विल्चर उभे आहेत. १९५४ च्या एआर-१ या स्पीकरमध्ये त्यांनी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग केलं आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढला, पण वॉटची भूक वाढवून. पुढे स्टीरिओ आला, एकाऐवजी दोन स्पीकर मांडायची वेळ आली, ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि बाजार विल्चर यांच्या वाटेने गेला. म्हणजे एआर हासुद्धा आज ‘जुना’च स्पीकर, आणि क्लिप्शच्या नेमका उलट. जुना आवाज असा एक नाहीच.

मग भरीवपणा कशाचा? वूफरच्या मोठ्या पडद्याला तेवढ्याच आवाजासाठी कमी हलावं लागतं, त्यामुळे विकृती कमी. त्याहून महत्त्वाची, आणि फारशी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे समोरच्या फळीची रुंदी. वीस सेंटीमीटर रुंद पेटीत साधारण ५०० ते ६०० हर्ट्झच्या खालचा ध्वनी पेटीला वळसा घालून मागे पसरू लागतो; साठ सेंटीमीटरची फळी हीच पातळी २०० च्या खाली नेते. गवयाच्या मध्य आणि तार सप्तकाचा मोठा भाग नेमका या पट्ट्यात येतो. नव्या निमुळत्या स्पीकरमध्ये ही घट क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खर्ज आणि टीप वेगळी करणाऱ्या सर्किटमध्ये, भरून काढतात; ती अर्धवट भरली की आवाज कोरडा लागतो.

यावर हमखास आक्षेप येतो की मोजमापात संगीत सापडत नाही. पण कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून घेतलेल्या चाचण्या १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाल्या. समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा आवाज देणारे स्पीकर श्रोत्यांना बहुतेकदा जास्त आवडले. पुढे शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की गुण बदलतात. अल्पकाळच्या चाचणीत दीर्घ सहवासाची गोडी पकडता येत नाही, हे मान्य. पण त्या गोडीत पॉलिश केलेल्या लाकडाचा देखणेपणा किती, हेही मग सांगता येत नाही. बाजूंच्या एकसारखेपणात चांगले नवे स्पीकर पुढे आहेत; संगणकी मांडणीने ते काम सोपं केलं. तरी १९५७ च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचं काय? त्याला पेटीच नाही आणि मधल्या पट्टीत तो आजही भल्याभल्यांना लाजवतो. पण मोठा आवाज आणि खोल खर्ज दोन्ही त्याने सोडले आहेत. ऐकण्याची जागाही एकच, अगदी मधली.

राहिला प्रश्न वयाचा. १९७० नंतरच्या अनेक वूफरच्या कडेचा फोम दमट हवेत भुसभुशीत होऊन तुटतो, आणि मुंबई किंवा कोकणच्या हवेत हे आणखी लवकर होतं. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आपलं मूल्य सोडतात. अशा नगाची दुरुस्ती न करता जे ऐकू येतं ते १९७५ चं नसतं. ज्याला खोलीचा कोपरा द्यायची तयारी आहे, त्याच्यासाठी क्लिप्शहॉर्न आजही नवा बनतो. जिथे एवढी जागा नाही, तिथे पन्नास वर्षांचा स्पीकर आणूनही तीच अडचण राहणार. तिथे क्रॉसओव्हर नीट बेतलेला नवा छोटा स्पीकर घेऊन तो भिंतीजवळ ठेवला, तर मागे गेलेल्या ध्वनीतला बराच भाग भिंतच परत देते.