आज काय गावलां?

मालवणहून दक्षिणेला निघून तारकर्ली मागे टाकली की जमीन निमुळती होत जाते. देवबागात तर पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि एक रस्ता एवढंच उरतं. गावाच्या टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा हिरवा किनारा दिसतो. खाडीच्या अंगाला काही घरगुती हॉटेलांनी पाण्यालगत लाकडी फळ्यांचे डेक बांधले आहेत. साध्या खुर्च्या, वर झावळ्यांचं छप्पर, खाली बांधलेल्या होड्या. इथे बसून जेवणं हे कोकणातलं एक मोठं सुख आहे.

पण इथे येणारे बरेच जण समोरचं पाणी फक्त फोटोपुरतं पाहतात आणि मागवतात सुरमई नाहीतर पापलेट. दोन्ही मासे उत्तम, पण ते रोज इथेच मिळतील असं नाही. गिऱ्हाइकांचा आग्रह असला की ते बर्फातून बाहेरगावाहूनही येतात. म्हणून मेन्यूकार्ड उघडण्याआधी स्वयंपाकघरातल्या काकींना विचारावं, "आज काय गावलां?" उत्तरात बांगडा, पेडवे, सौंदाळे, शेंगाळा अशी नावं येतील. ओहोटीला खाडीतल्या वाळूतून वेचलेल्या तिसऱ्या असतील, खडकांवरून फोडून काढलेली कालवं असतील. कुर्ल्या मागवायच्या तर अमावास्येच्या आसपास, कारण तेव्हा त्या भरलेल्या असतात असं इथली जुनी माणसं सांगतात.

या किनाऱ्यावर रापण ही पारंपरिक मासेमारी अजून टिकून आहे. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळं सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं मिळून ओढतात. जाळ्यात एकाच जातीची मासळी येत नाही, लहानमोठं सगळं मिळून येतं. विक्रीतून आलेल्या पैशांची रापणकरांत वाटणी होते. गिऱ्हाइकांना चारच नावं ठाऊक असली, तर उरलेल्या मासळीला भाव कुठून मिळणार?

इथलं खरं वैभव पाहायचं तर बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं मागवावं. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद यांचं गंधासारखं बारीक वाटण करतात. ते मातीच्या किंवा पसरट भांड्यात उकळतं, त्यात कोकमाची सोलं पडतात आणि मग बांगड्याचे तुकडे. तिरफळाची काळी बी काढून टाकतात आणि वरची साल जराशी ठेचून शेवटी घालतात. बांगडा तेलकट मासा, त्याचा उग्रपणा तिरफळाच्या झणझणीत वासाने बसतो. मासा शिजायला काही मिनिटंच लागतात. तेवढ्यात डाव घालून ढवळत नाहीत, तुकडे मोडू नयेत म्हणून भांडंच धरून हलवतात. सोबत उकड्या तांदळाचा भात असावा आणि वर सोलकढी. नारळाचं घट्ट दूध, कोकम, लसूण आणि मिरची यांची ही कढी माशाच्या जेवणानंतर पोटाला आराम देते.

बेत ठरवताना ऋतूही पाहावा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. अनेक माशांच्या विणीचा हा काळ. त्या दिवसांत काकी सुका बांगडा भाजून वाढतील, तो आनंदाने खावा. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाली की हंगाम नव्याने रंगात येतो आणि दिवाळीच्या सुमारास किनाऱ्यावर मासळीची चंगळ असते.

शेवटची गोष्ट मात्र बशीत वाकून पाहायची आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ प्रजातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान आकारमानही ठरवलं. सिल्व्हर पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू असण्याचीच शक्यता जास्त. असं पिल्लू समोर आलं तर ते नको म्हणून शांतपणे सांगावं आणि त्याऐवजी बांगडा मागवावा. गिऱ्हाईक घेत नाही म्हटल्यावर हॉटेलवाला ते आणणार नाही, आणि हॉटेलवाला घेत नाही म्हटल्यावर लिलावातही त्याला बोली लागणार नाही.