अ‍ॅडमिरल आणि साताऱ्याचा सरखेल

इंग्रजी ‘अ‍ॅडमिरल’चं मूळ समुद्रात नाही. अरबी ‘अमीर’ म्हणजे हुकूम सोडणारा. ‘अमक्याचा अमीर’ अशा पदनामांतला ‘अमीर-अल’ एवढाच तुकडा युरोपात पोचला. कशाचा अमीर, ते मागेच राहिलं. मधला ‘ड’ तर शुद्ध घुसखोर! ‘प्रशंसनीय’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाशी गल्लत झाली आणि तो आत शिरला.

आपला ‘सरखेल’, म्हणजे मराठा आरमाराचा प्रमुख, हाही असाच जमिनीवरचा. फारसी ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि अरबी ‘खैल’ म्हणजे चक्क घोडे, घोडदळ. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना छत्रपती शाहूंच्या बाजूला वळवलं आणि त्यांची सरखेली साताऱ्याच्या गादीने कायम केली. दर्या सह्याद्रीपलीकडे, शिक्का मात्र साताऱ्याचा. या सरखेलाच्या हाताखालचं ‘आरमार’ हा शब्द पुन्हा पोर्तुगिजांकडून आलेला, म्हणजे ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याकडूनच.

इंग्रजांच्या लेखी कान्होजी चाचेच होते. पण मुंबईतला भारतीय नौदलाचा तळ १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने ओळखला जातो.