घाटमाथ्यावरचा समुद्र

लोणावळ्यात समुद्र नाही, पण समुद्राचे वेड येथे नवीन नाही. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांवर, काळ्या कातळाच्या कुशीत, आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था १९४५ सालापासून उभी आहे, आणि जहाजांची यंत्रे चालवायला शिकणारे नौसैनिक येथे धो धो पावसात भिजत असतात. तेव्हा मावळातल्या एखाद्या घरी बैठकीच्या खोलीत दीड फूट लांबीचा समुद्र मांडावासा वाटला, तर त्याला निव्वळ खूळ म्हणू नये. आमच्या घरी अशी टाकी आहे. "खारे पाणी, रंगीत मासे! कोणती टाकी घ्यावी रे?" असे विचारणारे मित्र आणि प्राध्यापक वर्षभर भेटतात, त्यांना एकदाच काय ते उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

मोठ्या टाकीला खाली संप लागतो. संप म्हणजे येथे हरताळ नव्हे. टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी, जिच्यात पाणी गाळले जाते व पंपाने पुन्हा वर चढते. छोट्या घरासाठी हेच सारे एका पेटीत बसवतात, आणि दुकानदार तिला 'ऑल-इन-वन' म्हणतो. मागच्या बाजूला एक काळी आडभिंत असते, तिच्या वरच्या फटींतून पाणी मागच्या कप्प्यांत सांडते, स्पंज व गाळणीतून जाऊन शेवटच्या कप्प्यात पोचते आणि तेथला पंप ते पुढे ढकलतो. दिसायला सुबक, नळ्यांचा पसारा नाही. मात्र सगळी गोम त्या मागच्या कप्प्यांतच असते, आणि गिऱ्हाईक पुढच्या काचेकडे पाहून पैसे मोजते.

टाकीवर लिहिलेले लिटर हे बाहेरच्या मापाचे असतात. ४५ × ४५ × ४० सेंटिमीटरची पेटी म्हणजे ८१ लिटर. पण मागचा १० सेंटिमीटरचा पट्टा गाळणीत जातो, वरची तीनएक सेंटिमीटर रिकामी राहतात. पुढे उरले साधारण ५८ लिटर. त्यात खडक आणि वाळू घातली की माशांच्या वाट्याला पन्नाससुद्धा उरत नाहीत. म्हणून त्यात विदूषक माशांची एक जोडी आणि तळाशी राहणारा एखादा गोबी, एवढेच. २००३ सालचा 'फाइंडिंग नेमो' पाहून ज्यांना तो निळा सर्जन मासा हवा असतो, त्यांनी नाद सोडावा. त्याला पोहायला आमची अख्खी बैठकीची खोली लागेल.

आता बाष्पीभवन. पाणी उडते, मीठ उडत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सत्तर लिटरच्या टाकीतून चार लिटर पाणी उडाले आणि कोणी भर घातली नाही, तर हा आकडा ३७ च्या पुढे जातो; चारशे लिटरच्या टाकीत तेवढेच पाणी गेले तर तो ३५.४ सुद्धा होत नाही. लहान टाकी सोपी, हा समज म्हणूनच उलटा आहे. शिवाय आडभिंतीमुळे पुढची पातळी हलत नाही. सारी घट पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा १० × १५ सेंटिमीटरचा असेल तर एक लिटर पाणी जाताच तेथली पातळी जवळजवळ सात सेंटिमीटर उतरते. तीन दिवस गावी गेलात की पंप कोरडा. माझे मत असे, की पंपाचा कप्पा जितका ऐसपैस तितकी टाकी चांगली. दिव्याचे रंग वगैरे मागाहून पाहावेत. भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे. ते पाणी आरओचे, आणि त्यावर क्षार शोषणारी गाळणी लावलेली असावी. येथे पाऊस एवढा पडतो, तर पत्र्यावरचे पाणी धरावे असे कोणालाही सुचेल. पण जस्ताच्या पत्र्यावरून आलेले पाणी झिंग्यांना विष आहे.

दुकानात एक परीक्षा अवश्य करावी. टाकी साध्या पाण्याने भरून पंप चालू करायला सांगावे आणि मग बटण बंद करावे. पंपाची तोटी पाण्यात खोल असेल तर पुढचे पाणी उलटे मागे ओढले जाते. वरच्या टाकीत पुढची पातळी एक सेंटिमीटर उतरली, की मागे दीड लिटरहून अधिक पाणी येते आणि तेथे साडेतीन सेंटिमीटर चढते. मागे तेवढी जागा नसेल तर ते जमिनीवर! ही परीक्षा आपल्याकडे फार महत्त्वाची, कारण पावसाळ्यात वारा उठला, झाड पडले, की वीज जाते. याच लोणावळा-वळवणच्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईसाठी वीज करते, हा विनोद आमच्याकडे मेणबत्तीच्या उजेडात नेहमी होतो. वीज गेली की टाकीत प्रथम प्राणवायू कमी पडतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप टाकीच्या किमतीतच धरावा.

हवामानाचेही तसेच. पाणी २५-२६ अंशांवर राहावे लागते. मावळातली पौषाची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, म्हणून शंभर वॅटचा हीटर हवा, आणि तो मागच्या कप्प्यात उभा मावतो का, हे फूटपट्टीने मोजूनच पाहावे. वैशाखात पाण्यावर पंखा सोडला की कोरड्या हवेत पाणी छान गार होते, मात्र भर दुप्पट घालावी लागते. आषाढात तोच पंखा निरुपयोगी. हवाच पाण्याने भरलेली, तेथे बाष्पीभवन होणार कोठून? सुदैवाने तेव्हा गरजही नसते. तेव्हा सांभाळायचे ते ओलीला. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वायरवरून सरकत सॉकेटपर्यंत जातात, म्हणून वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच वर न्यावी.

आता खरा प्रश्न प्रवाळांचा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे, आणि त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे झाले. भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघाला जी अनुसूची तीच यांना. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे; कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा पाण्याखालचा पठार विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटरवर आहे. तेथला वाळलेला तुकडासुद्धा शोभेला ठेवणे गुन्हा आहे. दुकानदार हळूच कपाटातून काही काढून दाखवू लागला, तर सरळ बाहेर पडावे.

मग घरात काय ठेवायचे? १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लिहून दाखवले, की समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरही टाकी चालते. कारण खडकाच्या छिद्रांतले जिवाणू माशांच्या मलातला अमोनिया आधी नायट्राइट व मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे काम सच्छिद्र सिरॅमिकचा खडकही करतो. जिवाणू रुजायला मात्र चार ते सहा आठवडे द्यावे लागतात, आणि तोवर मासा आणायचा नाही. विदूषक मासे पैदास केंद्रातले मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे साध्य केलेली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशाची गरज नाही. सोबत झिंगे, संन्यासी खेकडे आणि हिरवे समुद्रशैवाल. एवढ्याला दगडी प्रवाळांसाठी विकतात तो महागडा दिवाही लागत नाही, आणि ते पैसे हीटर, बॅटरी व पाण्याच्या गाळणीवर घालता येतात.

भरलेली ही पेटी शंभर किलोच्या घरात जाते. जुन्या लाकडी माळ्याच्या घरात ती तळमजल्यावर, भिंतीलगत, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी. आणि मागे हात घालून स्पंज काढता येईल एवढी वीतभर जागा भिंतीपासून सोडावी.