मानेचा फोटो केव्हा काढावा

किरकोळ अपघातानंतर मानेचा एक्स-रे काढायचा की नाही, हे केवळ दुखण्यावरून ठरत नाही. भंडारा जिल्ह्यात धानाच्या पुंजण्यावरून घसरलेला मजूर आणि लाखनी-साकोलीकडे महामार्गावर दुचाकीवरून पडलेला तरुण, दोघांचीही तक्रार एकच असते: मान दुखते. नातेवाइकांना आधी फोटो हवा असतो; खरे काम मात्र डॉक्टरांचे प्रश्न आणि बोटे करतात.

८,९२४ रुग्णांवरील अभ्यासातून २००१ साली कॅनडात तयार झालेला नियम पूर्ण शुद्धीवर असलेल्या प्रौढांसाठी आहे. वय ६५ किंवा अधिक, हातापायांना मुंग्या किंवा धोक्याचा मार, यांपैकी काहीही असल्यास तपासचित्र हवेच. धोक्याचा मार म्हणजे डोक्यावर सरळ आदळणे, वाहनातून फेकले जाणे किंवा तीन फुटांवरून पडणे. तीन फूट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पुंजणे त्याहून सहज उंच असते.

यातले काहीच नसेल, तर दिलासा देणारी एखादी खूण शोधतात: रुग्ण चालला आहे, बसू शकतो, दुखणे उशिरा सुरू झाले किंवा मानेच्या मधल्या रेषेत मणके दाबल्यावर दुखत नाही. अशी एक खूण सापडली, की त्याला स्वतःहून मान दोन्हीकडे ४५ अंश वळवायला सांगतात. दुखत असूनही वळली, तर फोटो नको.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी निकषांत ३४,०६९ रुग्णांतील मानेच्या मणक्याला इजा झालेल्या ८१८ जणांपैकी आठ जण नजरेतून निसटले. त्यात नशेचा वेगळा निकष आहे. तोंडाला मोहाच्या दारूचा वास असला, तरी त्यावरून रुग्णाला हिणवायचे नसते. वास एवढेच सांगतो, की नशेतल्या माणसाच्या ‘दुखत नाही’वर विसंबता येत नाही. लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक जखम असेल, तरीही तेच.

फोटो काढायचाच तर बाजूने, समोरून आणि तोंड उघडून. बाजूच्या फोटोत सातवा मणका आणि त्याखालचा सांधा दिसायलाच हवा. भरदार खांदे तोच झाकतात. अपुऱ्या फोटोवर रुग्णाला घरी पाठवू नये. जोखीम मोठी असेल, तर सीटी स्कॅन अधिक भरवशाचा. तो जवळ नसेल, तर मान स्थिर ठेवूनच रुग्ण पुढे पाठवावा. फोटोविना घरी जाणाऱ्याला सांगावे: मुंग्या आल्या, हातातली पकड सैल झाली किंवा दुखणे वाढले, तर लगेच परत यावे.