फड आणि नारदाची गादी : रामजोशी याच्या रचनाप्रक्रियेचा विचार

सोलापूरचा शाहीर रामजोशी याचे चरित्र मराठी वाचकास दोन अंकी नाटकासारखे परिचित आहे. पहिल्या अंकात वैदिक-पुराणिकांच्या घराण्यातील हा बुद्धिमान तरुण धोंडी शाहिराच्या फडाच्या नादी लागतो, वडील बंधू मुद्गल जोशी त्यास घराबाहेर काढतात, पंढरपुरास शास्त्राध्ययन करूनही तो अखेर डफ-तुणतुण्याकडेच वळतो. दुसऱ्या अंकात बारामतीस मोरोपंतांची गाठ पडते, पंतांच्या उपदेशाने त्यास उपरती होते व तो कीर्तनकार बनतो. राजकमल कलामंदिराच्या १९४७ मधील ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाने या कथेस सर्वदूर नेले व तिच्यातील प्रणयाचा रंग अधिक गडद केला.

या आख्यायिकेतील ऐतिहासिक सत्याचा अंश किती, हा चरित्रकारांचा प्रश्न होय. परंतु तिने रामजोशी याच्या काव्यविचारास जे वळण लावले, त्याचा परामर्श घेणे अवश्य आहे. लावणी हे स्खलन व कीर्तन हे प्रायश्चित्त, अशी वाटणी एकदा मान्य केली की एकाच कवीचे दोन कवी होतात, आणि रचनेचे परीक्षण मागे पडून आचरणाचे परीक्षण पुढे येते. रचनेची भाषा व लय तपासली असता निराळेच चित्र दिसते. ज्या कारागिरीवर रामजोशी याने फड गाजविला, तीच कारागिरी घेऊन तो नारदाच्या गादीवर उभा राहिला.

प्रथम फडाचा विचार करू जाता, लावणी ही लिहून मग गाण्यास दिलेली कविता नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. शाहीर पुढे गातो, झीलकरी मागून ध्रुवपद उचलतात, डफ व तुणतुणे लय सांभाळतात. शाहिराच्या शब्दयोजनेवर या व्यवस्थेचे बंधन असते. प्रत्येक चौकाचा शेवट ध्रुवपदाच्या यमकाशी जुळला की झीलकऱ्यांना आपला प्रवेश केव्हा करावयाचा हे निराळे सांगावे लागत नाही. कागदावर जो अलंकार दिसतो, तो फडात इशारा असतो. एकाच वर्णाची घोळवून घोळवून केलेली पुनरुक्ती व चरणाच्या पोटातील यमके यांचेही कार्य असेच आहे. उघड्या पटांगणात, कोलाहलात, शेवटच्या ओळीतील श्रोत्यास एखादा शब्द निसटला तरी पुढील सदृश ध्वनी त्याचे बोट धरून त्यास चरणाच्या अंतापर्यंत नेतो. दांभिक साधूंची हजेरी घेणाऱ्या रामजोशी याच्या प्रसिद्ध उपदेशपर लावणीत कठोर वर्णांचा असाच मारा आहे. तेथे ध्वनी डफाच्या थापेचे काम करतो आणि उपहासाचेही.

आता लयीकडे वळावे. शाहिरी लावणीत आठ मात्रांचे आवर्तन विपुल आढळते. माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचने’त या जातीस पद्मावर्तनी म्हटले आहे. मोरोपंतांचे प्रिय वृत्त आर्या, आणि तिच्यातही विशेषतः गीती हा प्रकार. गीतीच्या प्रत्येक अर्धात चार मात्रांचे सात गण व शेवटी एक गुरू, म्हणजे एकूण ३० मात्रा असतात. अंती दोन मात्रांचा विराम घेतला की ३२ मात्रा, अर्थात आठ मात्रांची चार आवर्तने बरोबर भरतात. बाराव्या मात्रेवरील यती मात्र दुसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर येतो. त्यामुळे अर्थाचा नवा खंड आवर्तनाच्या प्रारंभी सुरू न होता त्याच्या मधूनच उचलावा लागतो. ज्याच्या कानात आठ मात्रांचा ठेका वर्षानुवर्षे मुरला आहे, त्या गायकास हा ओढ-खेच साधणे अवघड नाही. उलट तेच त्याच्या गायनाचे बलस्थान ठरते. पंतांच्या आर्या रामजोशी याच्या कीर्तनांमुळे लोकांच्या तोंडी बसल्या, असे परंपरा सांगते. या परंपरेस पूरक असा आधार वृत्ताच्या गणितातच सापडतो.

यमकाच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. पंतांचा यमकसोस प्रसिद्ध आहे. त्यांची यमके पोथीपुढे बसलेल्या विद्वानाच्या बुद्धीस आव्हान देतात, तर शाहिराची यमके श्रोत्याच्या स्मरणास आधार देतात. रामजोशी या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. संस्कृत अलंकारशास्त्रातील छेकापह्नुती हा अलंकार त्याने लावणीत खेळविला. बोलता बोलता गुपित उघडे पडावे आणि लगेच दुसराच अर्थ सांगून ते झाकावे, असा हा अलंकार आहे. शास्त्रात तो लक्षण-उदाहरणापुरता राहतो. फडात मात्र त्यास दोन गळे मिळतात, एक विचारणारा व एक सारवासारव करणारा. अलंकार येथे संवाद होतो, आणि संवादातून नाट्य उभे राहते.

रामजोशी याची बहुभाषिक रचनाही याच दृष्टीने पाहावयास हवी. मराठीबरोबर संस्कृत, कानडी व हिंदुस्थानी यांना एकाच लावणीत गुंफण्याचे त्याचे कौशल्य केवळ पांडित्यप्रदर्शन म्हणून सोडून देण्यासारखे नाही. सोलापूर हे सीमेवरचे नगर. येथील ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची बाराव्या शतकातील वचने कानडीत आहेत, आणि बाजारात व दरबारी व्यवहारात अन्य भाषाही कानांवर पडत. अशा श्रोतृसमुदायापुढे भाषांतर करीत बसण्यापेक्षा भाषाच पालटणे हे अधिक परिणामकारक असते. शिवाय भाषा पालटली तरी मात्रांचे आवर्तन पालटत नाही. चार भाषांना एका चौकात नांदविणारे सूत्र व्याकरणाचे नसून तालाचे आहे.

कीर्तनात या कारागिरीचा विनियोग बदलला. फडातील चौकांच्या जागी पूर्वरंग व उत्तररंग आले, डफाच्या जागी झांज-मृदंग आले, आणि कथेचे सूत्र दीर्घ झाले. तथापि श्रोत्यांच्या प्रतिसादाचा अदमास घेत पद आवरते घेणे किंवा विस्तारणे, गद्य निरूपणातून नेमक्या क्षणी गाण्यात शिरणे, हे कसब जुनेच होते. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’त साकी, दिंडी अशा कीर्तनात रुळलेल्या चाली रंगभूमीवर आल्या, तेव्हा बोलता बोलता गाऊ लागणाऱ्या पात्राची मराठी प्रेक्षकास ओळख करून द्यावी लागली नाही. फड व कीर्तन यांनी त्याचा कान आधीच घडविला होता.

एक गोष्ट मात्र या विचारात खटकत राहते. छापील संग्रहात लावणी येते ती एका कवीच्या नावावर. झीलकऱ्याने ध्रुवपद कसे उचलले, धोंडी शाहिराकडून कोणती चाल आली, फडातील गायिकांनी कोणता शब्द सुखाने गळ्यात बसवून घेतला व कोणता बदलावयास लावला, याची नोंद पोथीत नाही. परंपरेने जपलेली बया व चिमा ही नावे कथेच्या रंगासाठी उरली. रचनेच्या श्रेयात त्यांना स्थान मिळाले नाही. रामजोशी याच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक यमकापाशी थांबून ‘हे कोणाच्या गळ्यासाठी घडले?’ असे विचारल्यास या सहकाऱ्यांचे थोडेफार ऋण तरी मान्य होईल. उपरतीच्या कथेने जे झाकले, त्याचा माग लावण्यांच्या शब्दांतच घ्यावा लागेल.