पेण ते रोहे : पाण्याच्या वाटेने

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे आगगाडीच्या वाटेने एकमेकांपासून उणीपुरी 40 किलोमीटर असली, तरी पाण्याच्या वाटेने जाऊ म्हणणाऱ्यास अलिबागच्या संबंध मुलखाला वळसा घालावा लागतो. कारण पेणेची भोगावती धरमतरच्या खाडीतून उत्तरेस मुंबई बंदराकडे तोंड करते, तर रोह्याची कुंडलिका पश्चिमेस रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून समुद्रास मिळते. आजच्या हिशेबाने हा वळसा निव्वळ उधळपट्टी होय. परंतु पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरी ही दोन्ही ठिकाणे बंदराची म्हणून नोंदलेली आहेत. आणि एका मित्राने आपल्या शिडाच्या यॉटवर मार्गशीर्षातले काही निवांत दिवस काढण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा याच वाटेने जाऊ, असा हट्ट मी धरला.

पेणेचे बंदर म्हणजे अंतोरे. येथून तांदूळ आणि मीठ गलबतांत भरून मुंबईस जात असे. आमची यॉट मात्र तेथवर येणे शक्यच नव्हते. वाऱ्याच्या रेट्याने उलटू नये म्हणून तिच्या तळाखाली जो वजनदार कणा बसविलेला असतो, तो पाण्यात पुरुषभर खोल जातो. ओहोटीला खाडीतले पाणी सरले की अशी नौका चिखलात कुशीवर आडवी व्हायची. उलट आमच्या तांडेलाचा मचवा रुंद पोटाचा. पाणी गेले की तो चिखलात बसतो, आणि भरती आली की कोणाची मनधरणी न करता उठतो. तेव्हा प्रथम मचव्यात बसून आम्ही खाडीच्या मोठ्या पात्रात नांगरलेल्या यॉटपर्यंत गेलो.

वाटेत दोन्ही तीरांवर खारेपाटाचे बांध लागतात. समुद्राला मागे रेटून भातशेती उभी करणाऱ्या या मातीच्या बांधांची डागडुजी पूर्वी शिलोत्रीदाराकडे असे, आणि तिच्यापोटी तो रयतेकडून बिघ्यामागे धान्य घेई. जमीन समुद्राची, कष्ट कुळाचे आणि खंड खोताचा, हा व्यवहार फार काळ चालला. अखेर 1933 साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते पडीक टाकून जो संप पुकारला, तो 1939 पर्यंत टिकला. एवढा दीर्घ संप ज्या भूमीवर झाला, तिच्याविषयी पेणेचे पोहे आणि गणपतीच्या मूर्ती यांपलीकडे कोणी बोलत नाही, हे मला चमत्कारिक वाटते. आता या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचे बार्ज चालतात. एकेकाळी महाबळेश्वरास निघालेले मुंबईचे साहेबलोकही हीच खाडी चढून नागोठण्यास उतरत व पुढे पालखीने महाडकडे जात.

रेवसच्या मुखाशी मित्राने आपण होऊन विषय काढला. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकानजीक कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्याच्या आत येऊन ठेपले होते, त्या आनंदात हा आक्रोश लवकर विरला. कुलाबा जिल्ह्यात मात्र नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपला माल समुद्रात ओतून होड्या रिकाम्या केल्या आणि हाती लागली ती माणसे वर ओढली. पावसाळ्यात दर्यावर न जाण्याचा कोळ्यांचा दंडक ही अंधश्रद्धा नव्हे, हे येथे निराळे सांगावे लागत नाही.

मांडव्याला मुंबईच्या हौशी यॉटवाल्यांची वर्दळ असते. 1846 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या यॉट क्लबापासून ही हौस चालत आली आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा कोठे या हौसेला आपल्याकडे थोडी प्रतिष्ठा आली. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून सुटतो, मग घटकाभर शिडे लोंबत राहतात, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा भरला की दक्षिणेस जाणाऱ्यास काहीच करावे लागत नाही. त्या वाऱ्यावर खांदेरी जवळ आली. 1679 साली शिवछत्रपतींनी या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मायनाक भंडारी आत होता आणि बाहेर इंग्रजांची जहाजे वेढा देऊन उभी होती. ती जहाजे उंच, तोफांची आणि खोल बुडाची. मराठ्यांची तारवे हलकी, वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यातून रात्री रसद पोचवून पसार होणारी. पुढल्याच वर्षी इंग्रजांना तह करणे भाग पडले. पराक्रमाचे श्रेय कमी न करता मी म्हणेन की, त्यात मोठा वाटा नौकेच्या तळाचाही होता. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत खांदेरीचे नाव आले. तारवांचे मात्र कोठेच नाही.

अलिबाग आम्ही दुरूनच पाहिले. कोर्लईच्या पोर्तुगीज किल्ल्याखाली वसलेल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून घडलेली बोली अजून घराघरांत चालते, आणि किल्ला मराठ्यांनी 1740 साली घेऊनही ती टिकली. रेवदंड्याच्या पुलाखालून आपली डोलकाठी नेण्याचे धाडस मित्राने केले नाही. पुन्हा मचवा!

कुंडलिकेला समुद्राची भरती मिळते ती पश्चिमेकडून. पण पूर्वेकडून तिच्यात जे पाणी येते त्यातले बरेचसे मुळात तिचे नव्हेच. मुळशीच्या धरणातले हे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाते व तेथून नदीत पडते. ज्या धरणासाठी 1921 पासून मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसमवेत सत्याग्रह केला, त्याच्या पाण्यावर हल्ली कोलाडला रबरी तराफ्यांचा खेळ चालतो. रोहे आणि पलीकडची अष्टमी यांमधल्या पात्रात गलबते मात्र येत नाहीत.

उतरण्याच्या धक्क्याविषयी तांडेलाला काही विचारणार, तोच त्याने घाई केली : “शेट, ओहोटी लागली. आता उतरा, नायतर रातभर चिखलातच मुक्काम.”